नाक तं बापाचंच

शिकलेलं पोट्टं घरात असू नये असं मी म्हणत नाई. पण असलं तं त्याच्या तोंडाले कुलूप असावं अन् किल्ली मायच्या कमरेले असावी. आमच्या अंकुशच्या तोंडाले देवानं साधी कडी बी नाई लावली.

अंकुश माहा मोठा पोरगा. आमचं गाव अल्लीपूर, अन् हा हिंगणघाटच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. तिथं पोरायले बेडूक-झुरळ शिकवावं, पगार घ्यावा, घरी येऊन गुपचूप जेवावं, तं नाई. घरी येऊन आमालेच शिकवते. शेजारची प्रमिलाबाई दुपारची येऊन बसली, गावातल्या दोन गोष्टी झाल्या, की हा म्हणते, आई, माकडं एकमेकाच्या उवा काढतात, माणसानं त्याच्या जागी चुगल्या सुरू केल्या, काम तेच. प्रमिलाबाई रुसली अन् कितीक दिवस उंबऱ्यात आली नाई. त्याच्या बाबानं एस.टी.च्या खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरली, तं म्हणे कुत्रं खांबाजवळ तंगडी वर करते ते याच्याचसाठी. आता बापाले असं म्हणतात काय? पोळ्याले बैलायच्या शिंगाले बेगड लावली, तं मोर पिसारा काऊन फुलवते ते सुरू. मी जिलेबी जास्त खाल्ली तं म्हणे तुहा दोष नाई, जंगलात गोड कमी भेटे, म्हणून माणसाची जीभ अजून हावरी आहे. आपल्या मनानं कोणी काईच करत नाई, सारं लाखो वर्षांपासून आतमधी बसलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मंग तुह्या लग्नाचं बी बसलं असन कुठी तं सांग, मले पोरगी पाहाले सोपं जाईन. तेवढ्यापुरता गप बसते.

त्याचे बाबा, म्हणजे आमचे रूपराव, यायचं बरं आहे. पोरानं तोंड उघडलं की हे उठून वावरात जातात. ऐकाले मीच राहते.

माही लेक आकांक्षा, आमची आकू, अंकुशहून लहान. तिले आर्वीले देल्ली. जवाई प्रफुल्लराव एस.टी. डेपोत मेकॅनिक. माणूस सोन्यासारखा, पण गाडीचं इंजिन बोलन तेवढाच बोलते. घरात चालते ते त्याच्या मायचं, कोकिळाबाईचं. नवरा लवकर गेला, बाईनं एकटीनं पोरगा अन् पोरगी वाढवले, लोकायचं बरं-वाईट ऐकलं, त्याच्यानं स्वभाव जरासा खारा झालेला. लग्न झाल्यावर दोन वर्षानं आकूले दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिले घेऊन आली, अन् श्रावणात सेवाग्रामच्या दवाखान्यात पोट्टी झाली. सारं नीट झालं.

नर्सनं लेकरू माह्या हातात देल्लं, तसं मी बोल्ली, 'नाक तं बापाचंच आहे.' मी कुठी नीट पाह्यलं होतं! तोंड दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेले, नाक म्हणजे एक वटाणा. पण लेकीच्या मायनं पहिलं हेच म्हणायचं असते. माह्या मायनं अंकुशच्या वेळेले म्हटलं, तिच्या मायनं माह्या वेळेले म्हटलं असन. त्यात पोट्टी झालेली, पोरगा नाई, म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हटलं. प्रफुल्लराव दाराशी उभा होता. त्याले ऐकू गेलं, त्यानं मान हालवली अन् औषधं आणाले गेला.

बारसं अल्लीपूरलेच ठेवलं. आर्वीहून कोकिळाबाई, प्रफुल्लराव अन् त्याची बहीण असे तिघं आले. आमच्याकडे आत्यानं लेकराच्या कानात नाव सांगायचं, त्याबिगर नाव नाई. पाळणा माजघरात बांधला. भोवती साऱ्या बाया. जवाईबापू ओसरीवर खुर्चीत, कारण सव्वा महिना होईपर्यंत आमच्याकडे पुरुषमाणसं बाळंतिणीजवळ जात नाई. मी घुगऱ्यायचं पातेलं उतरवलं, पुरण झालं होतं, आता आत्या पाळण्यावर वाकन अन् मी सुटीन, असं मले वाटलं.

बाया लेकराले पाहून आपापलं बोलत होत्या. कोणी म्हणे नाक बापाचं, कोणी म्हणे कान बी बापाचे. आमच्या गावच्याच बाया त्या, आमच्याच बाजूनं बोलणार. कोकिळाबाई पाळण्यात पाहत उभी होती. म्हणे, 'मले तं तसं काई दिसत नाई बापा.' मी म्हटलं, पाहा ना नीट, सोळा आणे प्रफुल्लराव आहे. ती पुन्हा म्हणे, नाई दिसत. असं होतेच, काई मोठी गोष्ट नाई. दोन वेळा हो-नाई झालं असतं अन् नाव ठेवून मोकळे झालो असतो.

पण दारात आमचे प्रोफेसर उभे होते. नवा झब्बा घालून, हातात घुगऱ्यायची वाटी. हसून म्हणे, 'दोघींचं बी बरोबर आहे. आई तसं म्हणनच, अन् मावशी असं म्हणनच. माय कोण ते साऱ्या जगाले दिसते. बाप कोण, हे नुसतं भरोशावर असते. म्हणून मायकडचे लोक पहिल्या दिवसापासून बापाचं नाक दाखवतात, त्याले खात्री वाटावी म्हणून. अन् बापाकडचे लोक जरा मागंच सरून पाहतात. साऱ्या देशात असंच आहे. लाखो वर्षांची खोड आहे ही.'

माह्या हातातली पळी तशीच राह्यली. आकू भिंतीले टेकून बसली होती, तिचं तोंड पांढरं पडलं.

कोकिळाबाई सावकाश वळली. म्हणे, 'म्हणजे तुमी आमाले खात्री देऊन राह्यले होते. आमाले तं शंकाच नव्हती, इहीणबाई. आता विचार करा लागन.' आपल्या पोरीले म्हणे, चाल वं. आत्या वाकली होती ती सरळ झाली. मी पाया पडणं बाकी ठेवलं, बाकी सारं केलं. पुरणाचं ताट तसंच राह्यलं. प्रफुल्लराव खुर्चीतून उठला, आतमधी एकदा पाह्यलं, मायच्या मागं फाटकाबाहेर गेला. पोट्टी बिननावाची पाळण्यात राह्यली.

त्या दिवशी मी अंकुशले जे बोल्ली ते लिहून ठेवण्यासारखं नाई. तो म्हणे, मी कोणावर आरोप केला काय? मी तं रीत समजावून सांगतली. मी म्हटलं, अरे उंटावरच्या शहाण्या, ज्या गोष्टीवर लोकायनं लाखो वर्षं झाकण ठेवलं ते तुले बारशातच उघडाचं होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुह्या कॉलेजात शिकवत नाई काय? तं म्हणे, 'आई, तू आता जे म्हणून राह्यली ना, तेच तं मी म्हटलं.' मी डोक्यावर हात मारून घेतला. याच्याशी भांडावं तं हा तुमचं भांडणच आपल्या बाजूनं लावून घेते.

सव्वा महिना झाला. आर्वीहून कोणी आलं नाई, फोन नाई. फोन होता प्रमिलाबाईच्या घरी. मी रोज काई ना काई निमित्त काढून तिथं जाऊन बसे अन् ती रोज विचारे, काय ठेवलं वं नाव? तिले माहीत होतं ठेवलं नाई म्हणून. साऱ्या गावाले माहीत होतं. गावात कोणी वाईट बोल्लं नाई, नुसतं विचारत होते: आकू अजून इथंच आहे काय? कधी जाते? जवाईबापू कसे आहेत? अशा विचारण्यानंच बाईची अब्रू जाते, शिव्यानं नाई जात. माह्या डोक्यात दिवसरात्र एकच होतं, माही पोट्टी आपल्या घरी मानानं जाते का आयुष्यभर या ओसरीवर बसते.

आकू पोट्टीले पाजे, दुपटे बदले, झोपवे. मी तिले एकदा म्हटलं, तू जवाईबापूले एक फोन कर. ती म्हणे, मी काय सांगू त्यायले? अन् तिनं कूस बदलली.

अन् मंग, आ बैल मुझे मार. एका रविवारी अंकुश कोणाले न सांगता आर्वीले गेला. संध्याकाळी आला तं तोंड फुललेलं. म्हणे, मी कोकिळामावशीले सारं समजावून आलो. काय समजावलं रे बापा? तं म्हणे, मी त्यायले सांगतलं की तुमाले शंका आली त्यात तुमचा दोष नाई. साऱ्या जगात बापाची माय नातवंडाच्या बाबतीत जराशी हात राखूनच असते, कारण तिले पक्कं माहीत नसते. मायची माय जीव टाकते, कारण तिले पक्कं माहीत असते. तुमी वाईट वाटून घेऊ नका, हे आतमधूनच येते.

मी विचारलं, मंग त्या काय बोल्ल्या? तं म्हणे, काई नाई, चहा ठेवला होता, तो गॅसवरून उतरवला अन् देल्लाच नाई.

त्या दिवशी मी जेवली नाई. रूपराव म्हणे, तू काऊन उपाशी राहते, त्याले उपाशी ठेव. पण त्याले कसं ठेवणार, पोटचं आहे. अन् वाईट हे, की त्याचा जीव होता बहिणीवर. तिच्याचसाठी तो एवढ्या दूर गेलता. पण जीव असून काय करता? शिकला तेवढा हुकला.

शेवटी मी तानबाजीले गाठलं. तानबाजी म्हणजे ही सोयरीक जुळवणारा म्हातारा, दोन्हीकडचा मान असलेला. तो दोन वेळा आर्वीले गेला, काय बोल्ला त्याले माहीत, पण दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात निरोप आणला की ते येतात. पोट्टीले पाहतीन, अन् मन भरलं तं आकूले घेऊन जातीन. मन भरलं तं! मले राग आला, पण गिळला. गरज आपली.

मी तयारीले लागली. पहिलं काम अंकुशचं. त्याले सांगतलं, पाहुणे येऊन जाईपर्यंत तू मागं गोठ्यात बसायचं. तुले बोलाचं असन तं बैलाले सांगजो, तो ऐकून घेते. तो म्हणे, मी माफी मागतो ना. मी म्हटलं, तुही माफी बी तासभराची असन, त्यापेक्षा गोठा बरा. गेला बिचारा.

दुसरं काम पोट्टीचं. तिले न्हाऊ घातलं, फ्रॉक घातला. अन् मंग मी काजळाची डबी काढली. प्रफुल्लरावच्या भुवया दाट आहेत, मधी जवळजवळ जुळतात. मी तशाच भुवया लेकराले कोरल्या, हलक्या हातानं, काळजीनं. कपाळावरचं जावळ बी त्याच्यासारखं एका बाजूले बसवलं. लांबून पाह्यलं, तं खरंच बापासारखी दिसाले लागली. माहं मन शांत झालं. आकू बाजूले बसून पाहून राह्यली होती. मी म्हटलं, कशी वाटते? तिनं काजळाची डबी बंद करून फळीवर ठेवली.

दुपारी ते आले. कोकिळाबाई, प्रफुल्लराव अन् तानबाजी. सव्वा महिना होऊन गेला होता, म्हणून सारे माजघरातच बसले, तरी प्रफुल्लराव दाराशीच, चौकटीले टेकून. रूपरावनं हातपाय धुवाले पाणी देल्लं. मी पाटोडी केली होती, रस्सा केला होता, सारं कोकिळाबाईच्या आवडीचं. तानबाजीनं पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या. मंग मी पोट्टीले आणलं अन् कोकिळाबाईसमोर धरलं.

बाई बराच वेळ पाहत होती. मंग तिनं तानबाजीकडे पाह्यलं, मंग आपल्या पोराकडे, अन् एक लांब श्वास सोडला. म्हणे, 'चाला, झालं गेलं. भुवया तं प्रफुल्लच्याच आहेत. नाक बी आता त्याचंच वाटते.'

माह्या डोळ्याले पाणीच आलं. मी म्हटलं, नाकच काय, कपाळ बी त्यायचंच. तानबाजी म्हणे, हनुवटी बी. रूपराव, जे जन्मात काई बोलत नाई, ते म्हणे, हो, हो. सारे एका सुरात लागलो. कोकिळाबाई हसली. मी मनातल्या मनात गजानन महाराजाले नारळ बोल्ली.

'नाई,' आकू म्हणे.

ती उठून आली, माह्या हातातून पोट्टी घेतली. गडव्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं अन् पोट्टीच्या भुवया पुसल्या. एक, मंग दुसरी. काजळ कपाळभर पसरलं, ते बी पुसलं. जावळ हातानं मोकळं केलं. मी तिथंच मेली. दोन महिन्याचं काम, तानबाजीच्या खेपा, माहा उपास, माही पाटोडी, सारं त्या पदराच्या टोकानं गेलं. असं वाटलं, हिच्या एक कानाखाली द्यावी. एका पोरानं तोंड उघडून घालवलं अन् ही दुसरी आता.

'आता पाहा,' ती म्हणे. 'नाक माहं आहे. कपाळ माहं आहे. हनुवटी बी माहीच. ह्यायचं या तोंडावर काई म्हणता काई नाई. साऱ्यायनं बाप शोधला हिच्यात, माय कोणाले दिसली नाई. ज्याले नाक पाहूनच पोरगी आपली वाटते, त्यानं संध्याकाळची गाडी पकडावी. माह्या सांगण्यावर भरोसा असन, तं आमी दोघी आता येतो.'

मी तिले चूप करण्यासाठी पुढं झाली, तवा पोट्टीचं तोंड पहिल्यांदा माह्या समोर उघडं आलं. बिनकाजळाचं. मी पाहतच राह्यली. हे तोंड मी याच घरात, याच माजघरात माह्या मांडीवर घेतलं होतं, तेच नाक, तीच खालच्या ओठाखालची खळी. माही आकू होती ती, जशीच्या तशी. मी सकाळी या तोंडाले न्हाऊ घातलं होतं. रोज तेल लावलं होतं. अन् मी रोज त्याच्यात जवाई शोधत होती.

गोठ्याकडून खोकल्याचा आवाज आला. म्हटलं, आता आला हा सांगाले. पण नाई, त्या दिवशी तो बी गप बसला.

मी म्हटलं, 'इहीणबाई, पोट्टी खरं बोलते. काजळ म्या लावलं. नाक बापाचं म्हणून पहिल्या दिवसापासून सांगतलं, ते बी म्याच, न पाहता. हे तोंड माह्या लेकीचं आहे.'

कोकिळाबाईचं हसू गेलं होतं. पण ती रागावली नाई. ती पोराकडे पाहत होती. आता सारेच त्याच्याकडे पाहत होतो. तो काय बोलन, त्याच्यावर माह्या लेकीचा जन्म होता, अन् तो असा माणूस, की ज्याच्या तोंडातून शब्द काढाले पाना लागते.

प्रफुल्लराव चौकट सोडून आतमधी आला. पोट्टीच्या तोंडाकडे त्यानं पाह्यलं नाई, आकूकडे पाह्यलं. म्हणे, 'मले ही अजून कोणी हातातच नाई देल्ली. दवाखान्यात आलो, तं नाक दाखवलं. बारशाले आलो, तं ओसरीवर बसवलं. आज आलो, तं भुवया. मी काय म्हणू? मी पोरीले धरलंच नाई कधी.'

आकूनं पोट्टी त्याच्याकडे केली. त्यानं दोन्ही हात पँटले पुसले, काई लागलं नव्हतं तरी पुसले, अन् ती घेतली. मान कशी धरायची त्याले समजत नव्हतं. पोट्टीनं टाहो फोडला. कोकिळाबाई सवयीनं घ्यायले उठली, मी बी हात पुढं केले. 'राहू द्या,' आकू म्हणे.

मी हात मागं घेतले. पोट्टी रडून लाल झाली, पण त्यानं ती परत देल्ली नाई.